कॅनमधलं पाणी

सर,

काल दुपारी माझ्या एका विद्यार्थिनीला मी तुमची गोष्ट सांगितली आणि त्यात खोटं बोलले. तुमच्याबद्दल जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटं होतं ते माझ्याबद्दल. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या नावावर खपवलेली गोष्ट तपासायला कोणी येणार नाही, आणि हे मनात धरूनच मी बोलले असणार. कालपासून मात्र ते डोक्यातून जात नाही. आज रविवार, नळाला पाणी यायची पाळी नाही, म्हणजे भरायचं-साठवायचं काही नाही. चहा करून घेतला आणि लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पहले निरीक्षण लिख बेटा, निष्कर्ष बाद में." तसंच करते.

तुमच्याकडे मी पीएचडीला आले ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. मी पैठणची, तिथल्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. ज्या धरणातून सगळ्या शहराला पाणी यायचं त्याच्या काठी वाढलेली, आणि त्या वर्षी धरणात इतका गाळ उघडा पडला होता की लोक आत जाऊन बुडालेल्या देवळाचा कळस बघून येत. तुम्ही मला मार्क विचारले नाहीत. "काचेचं भांडं किती वेळा धुशील?" असं विचारलंत. मी म्हटलं, तीनदा नळाच्या पाण्यानं, दोनदा डिस्टिल्डनं. "आणि दुष्काळात?" मी म्हटलं, एकेकदा कमी. तेव्हा तुम्हीच सांगितलंत, की एका भांड्याचं धुतलेलं डिस्टिल्ड पुढच्या भांड्याच्या पहिल्या धुण्याला घ्यायचं, ओतून नाही द्यायचं. मग हसून म्हणालात, "धरणाच्या गावची पोरगी, आणि पाण्यालाच अडली." मी खजील झाले, पण घरी जाताना वाटलं, या माणसाकडे आपलं निभेल.

आपलं काम म्हणजे जखमेवर बसवायचं एक जेल करायचं. समुद्री शेवाळातून काढलेली पांढरी पूड, थोडं जिलेटिन, दोन रसायनं आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी. दिसायला खरवसासारखं. हे जेल फाटलं तर ते आपलं आपण जुळलं पाहिजे, ही अट. म्हणून मी रोज त्याची वडी ब्लेडनं मधोमध कापायची, दोन्ही तुकडे शेजारी टेकवायची आणि घड्याळ लावून बघत बसायची. माझी आई विचारायची, "कापायचं आणि मग जुळायची वाट बघायची, तर मुळात कापायचं कशाला गं?" दोन वर्षं मी कापत होते आणि दोन वर्षं काही जुळत नव्हतं. तुकडे एकमेकांना चिकटल्यासारखे वाटत, चिमट्यानं उचलले की भांडलेल्या भावांसारखे वेगळे.

हे कशासाठी करायचं ते मला कळलं तुमच्या स्वयंपाकघरात. तुमच्या डाव्या पायाच्या तळव्याला साखरेच्या आजारानं झालेली जखम होती, भरून न येणारी. दर दोन दिवसांनी तुमच्या पत्नी, माझ्या चाची, खिडकीपाशी पाटावर बसून पट्टी बदलायच्या. मी आले की माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावानं केलेले बघारे बैंगन असत, कारण मी मांस खात नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. "कायकू शरमाती? घर का समझके खा," असं म्हणत त्या एकीकडे माझ्या ताटात वाढायच्या आणि एकीकडे तुमच्या पायाची जाळीची पट्टी भिजवायच्या. भिजवूनही ती चिकटलेलीच असे. सुटताना नव्यानं धरलेलं कातडं बरोबर घेऊन येई आणि जखम परत पहिल्यासारखी. त्या वेळी तुम्ही मला प्रश्न विचारायला लागायचा. जितकं दुखे तितका प्रश्न अवघड. मी उत्तरं द्यायची, आणि चाची मान खाली घालून डोळे पुसायच्या. मला आजही रसायनशास्त्रातला एखादा अवघड प्रश्न दिसला की आधी तुमचा पाय दिसतो.

एकदा मी बोलून गेले, "सर, जेल जमलं की पहिली पट्टी तुमच्या पायाला." तुम्ही हात वर केलात. "नक्को. पहले उंदीर. मग ससे. मग दवाखान्यातले डॉक्टर म्हणतील तो माणूस. माझा नंबर लाइनीत येईल तेव्हा येईल." चाची रागावल्या होत्या तुमच्यावर. मला मात्र त्या दिवसापासून घाई सुटली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण ती होती, हे लिहून ठेवायला हवं.

आणि मग तो एप्रिल. विभागातलं डिस्टिल्ड पाणी काढायचं काचेचं यंत्र कुलूप लावून बंद केलेलं, कारण ते चालवायला नळ सतत सोडून ठेवावा लागे आणि नळालाच पाणी नव्हतं. शहर चारी बाजूंनी पसरत होतं, पैठण रस्त्यानं एसटीतून येताना दर महिन्याला नवी वसाहत आणि तिच्या तोंडाशी बोअर पाडणारी गाडी दिसायची. आपल्या इमारतीमागच्या टाकीत टँकर रिकामा व्हायचा, कुठल्या तरी खोल बोअरचं पाणी, जे तापवलं की भांड्याला पांढरा थर धरायचा. म्हणून आपण बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्डचे कॅन आणायचो. ते आणायचं काम मामांचं. मामा म्हणजे आपल्या लॅबचे शिपाई. माझ्या आधीपासून, म्हणे तुमच्याही आधीपासून तिथं असलेले. दारावर तुमच्या अक्षरातला कागद होता: टाकीचं पाणी फक्त हात धुवायला.

त्या दिवशी मामा रिकामा कॅन घेऊन परत आले. "ताई, दुकान बंद हाय. मालकाच्या घरी मयत झालीय. उद्या आणतो." माझी पूड मोजून झालेली, रसायनाची सीलबंद बाटली उघडलेली, ती त्याच दिवशी वापरली नाही तर वाया जाणार, आणि नवी यायला दोन महिने. मी कॅन उचलला, मागच्या टाकीवर गेले आणि भरून आणला. मामा तिथंच फडकी पिळत होते. म्हणाले, "ताई, सर वरडतील." मी म्हटलं, "एकच दिवस मामा. सरांना नका सांगू." एवढंच झालं. एवढ्यानं काय होतंय, असं मला खरोखर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडी कापते. एका तुकड्याला खुणेसाठी निळा रंग, दुसरा बिनरंगी. टेकवून ठेवते, आणि मामांनी आणलेला चहा अजून संपायचाय तेवढ्यात चिमट्यानं निळा तुकडा उचलते, तर खालचा त्याच्याबरोबर उठतो. मी ओरडलेच. त्याला वजन लटकवलं, तरी सुटेना. तुम्ही लंगडत आलात, चष्मा कपाळावर सारलात, आणि वडी हातात घेऊन तिची दोन्ही टोकं ओढून पाहिलीत. मग म्हणालात, "पकडलंय गं याने." तुमचा आवाज तेव्हा जसा झाला तसा मी परत कधी ऐकला नाही. सगळा विभाग गोळा केलात, इमरती मागवलीत, साखर वर्ज्य असताना चाचींना न सांगता एक खाल्लीतही. त्याच दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केलात, आणि आठवड्याभरात पुण्याच्या एका प्रयोगशाळेला आपली कृती लिहून पाठवलीत, त्यांनी करून बघावं म्हणून. खाली सही करताना म्हणालात, "माझ्या पोरीचं काम आहे, हे पण लिहू का?"

तीन आठवडे तो कॅन पुरला. मग मामांनी दुकानातून खरा कॅन आणला आणि त्या पाण्याचं जेल पहिल्यासारखंच सुटलं. मी काही मूर्ख नव्हते, सर. टाकीच्या पाण्याचं एक, कॅनच्या पाण्याचं एक, अशी दोन शेजारी करून पाहिली आणि दुपारपर्यंत मला सगळं कळलं. टँकरच्या पाण्यात कॅल्शियम होतं. तेच शेवाळाच्या धाग्यांना हात धरून ठेवत होतं, सुटले की परत धरत होतं. तुमच्या खोलीचं दार माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं. मी उठले, दारापर्यंत गेले. तुम्ही आत फोनवर कोणाला तरी आपल्या जेलबद्दल सांगत होता, हसत होता. मी परत फिरले. वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, पुण्याहून पत्र आल्यावर सांगू. त्यानंतर दोन महिने मी टाकीचं पाणी जेलला वापरत होते आणि दुकानातलं डिस्टिल्ड भांडी धुवायला. उलटी गंगा. मामा सगळं बघत होते, आणि कॅन ठेवताना माझ्याकडे एकदा बघायचे.

पुण्याचं पत्र आलं. त्यांनी तीनदा केलं, एकदाही जुळलं नाही. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी घातलीत आणि सरळ लॅबमध्ये आलात. पूड तपासलीत, जिलेटिन तपासलंत, बाटल्यांच्या तारखा पाहिल्यात. मग कॅनमधलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात एक थेंब टाकलात, शाळेतली पोरं करतात ती कॅल्शियमची साधी तपासणी. पाणी ताकासारखं पांढरं झालं. तिथं आम्ही चार-पाच विद्यार्थी उभे होतो. तुम्ही मामांना हाक मारलीत. "हे पाणी कुठून आलं?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी परीक्षानळीकडे पाहत होते.

"साहेब, दुकान बंद व्हतं. मीच टाकीतलं भरलं. मग तसंच भरत गेलो. चूक झाली."

तुम्ही कधी कोणावर आवाज चढवत नव्हता. त्या दिवशीही चढवला नाहीत. नळी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मामा, हे पाणी जखमेवर जाणार होतं. कोणाच्या तरी जखमेवर." मामांनी मान खाली घातली. मला वाटतं, तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी तोंड उघडलं असतं.

संध्याकाळी तुम्ही मला बोलावलंत. दार लोटून घेतलंत आणि विचारलंत, "बेटा, पहिल्यांदा जुळलं त्या दिवशी तू पाणी कुठून घेतलं होतंस?" मी म्हटलं, "कॅनमधून, सर." हे वाक्य मी दुपारपासून घोटून ठेवलं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत, मग म्हणालात, "ठीक आहे. आता हे पाणी मोजायचं. कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती. मोजलं नाही तर ती जादू, आणि आपण काय जादूगार नाही." आणि तिथूनच आपलं खरं काम सुरू झालं. शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात कॅल्शियम आपल्या हातानं, मोजून, घालायचं. ते जुळलं. पुण्यातही जुळलं. माझा प्रबंध झाला, मला नोकरी लागली, आणि आज ते जेल दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या रुग्णांवर तपासलं जातंय. लोकांना मी त्या पाण्याची गोष्ट सांगते तेव्हा सगळे हसतात. चुकीतून शोध, म्हणतात. चूक कोणाची ते कोणी विचारत नाही.

मामांची बदली परीक्षा विभागाच्या कागदांच्या गोदामात झाली. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी सायकल स्टँडवर त्यांना गाठलं. बोलायचं ठरवून गेले होते, आणि नुसती रडायला लागले. ते घाबरले. "असं नगा करू ताई, लोक बघत्यात. तुमचं पीएचडीचं हाय, लई वर्सं गेली तुमची त्यात. माझं काय, झाडू हितं मारला काय अन् तितं मारला काय." मी म्हटलं, "मी सरांना सांगते मामा." ते म्हणाले, "सांगा की. घाई नाय." आणि सायकलवर टांग टाकून गेले. त्यांना त्या लॅबमधली एकूण एक बाटली डोळे मिटून सापडायची. झाडू कुठंही मारला तरी सारखाच, हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी सांगितलं नाही. प्रबंध होईपर्यंत नाही, झाल्यावरही नाही. मग तुमच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, मग हृदयाचं निघालं, आणि आजारी माणसाला आता काय सांगायचं, अशी आणखी एक सोय झाली. तुमचा नंबर लाइनीत आलाच नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी आत चाचींजवळ बसले होते. खिडकीतून अंगणातली पुरुषमंडळी दिसत होती. त्यांत डोक्याला रुमाल बांधलेले मामा होते. जनाजा उचलताना ते पुढे झाले आणि तुम्हाला खांदा दिला. तुम्ही ज्याला लॅबमधून काढलंत, सर, त्यानं. आणि मी, तुमची पोरगी, आत बसून चाचींना पाणी पाजत होते.

कालचं आता सांगते. माझी विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाची, दुपारी दारात उभी. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मॅडम, मागच्या आठवड्याचे सगळे नमुने चुकलेत. मी दुसऱ्याच बाटलीतलं द्रावण घातलं. आत्ताच लक्षात आलं." आत्ताच लक्षात आलं आणि आत्ताच आली. माझ्यासारखीच वीस पावलं असतील, ती चालून आली. मला तिचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतकं सोपं असतं होय हे? मग मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "अगं, मीही एकदा जेलमध्ये टँकरचं पाणी घातलं होतं. तशीच उठून सरांकडे गेले आणि सांगून टाकलं. सर म्हणाले, चला, आता हे पाणी मोजू." ती रडता रडता हसली. जाताना म्हणाली, "मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्हीसुद्धा अशा गेला होता म्हणजे..." मी तिला खरी गोष्ट सांगितली असती तर ती जास्त उपयोगी पडली असती, हे मला ती जिना उतरेपर्यंत कळलं होतं. हाक मारली नाही.

तुम्हाला माहीत होतं का, हा प्रश्न मी फार वर्षं उराशी बाळगला. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे इतका वेळ का पाहिलंत? कधी वाटतं, तुम्ही ओळखलं होतं आणि मला वाट करून देत होता. पण मग ओळखूनही तुम्ही मामांना जाऊ दिलंत, असा त्याचा अर्थ होतो, आणि मग मला तुमच्यावर रागवावं लागेल. माझ्याकडे तेवढं तोंड नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, असंच मी धरून चालते. तुम्ही मला सरळ समजत होता. मला ते हवंय, अजूनही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. चाचीही गेल्या. पण पत्ता नसलेल्या माणसाला लिहायला मी बसले, यातही माझी जुनीच लबाडी आहे, कारण ज्यांना हे सांगायला हवं त्यांचा पत्ता मला पाठ आहे. मामा गंगापूरला मुलाकडे असतात. गेल्या महिन्यात क्रांती चौकात भेटले. दवाखान्यातून निघाले होते, हातात एक्स-रेचं पाकीट, वाकलेले. त्यांनीच मला ओळखलं. "ताई! जुळतं का आता ते?" म्हटलं, "जुळतं मामा." ते इतके खूश झाले की मोठ्यानं हसले, रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. म्हणाले, "चला, च्या पिऊ. गाडीला टाइम हाय माझ्या." समोरच टपरी होती, बाकडं रिकामं होतं. मी घड्याळात पाहिलं आणि म्हटलं, "आज नको मामा, मीटिंग आहे, घाईत आहे."

मीटिंग नव्हती, सर.